वेग देऊन जोर घेणे
(विजेच्या सायकलीसाठी घरगुती गती-घट यंत्रणा)

साध्या सायकलीला विजेची छोटी मोटार जोडून तिचे चाक फिरवावे, ही कल्पना वरवर पाहता फार सोपी वाटते. मोटार फिरते, चाकही फिरते. तेव्हा एकाला दुसरे जोडले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. परंतु थोडा हिशेब केला की या कल्पनेतील अडचण ध्यानात येते. अशा कामासाठी बाजारात मिळणाऱ्या २५० वॅटच्या, २४ व्होल्टवर चालणाऱ्या मोटारी पूर्ण भारावर मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेतात. भारतात खेडोपाडी दिसणाऱ्या काळ्या, दणकट सायकलीचे चाक २८ इंची असते व त्याचा परिघ सुमारे २.२ मीटर भरतो. हे चाक मोटारीच्याच वेगाने फिरावयाचे म्हटले तर सायकल ताशी ३५६ किलोमीटर वेगाने धावली पाहिजे! ती अर्थातच तशी धावत नाही. स्वार बसलेली सायकल जागची हलतही नाही. मोटार मात्र गुरगुरते, तापते आणि थोड्याच वेळात जळून जाते.

अशी जळालेली मोटार म्हणजे केवळ यंत्रशास्त्रातला धडा नव्हे. सायकलीवरून दूध, भाजी किंवा वर्तमानपत्रे वाहणाऱ्या माणसाला मोटार एकदा परवडते, दुसऱ्यांदा परवडत नाही. म्हणूनच मोटार आणि चाक यांच्या मधल्या यंत्रणेचा विचार मोटार विकत घेण्यापूर्वीच व्हावयास हवा. मोटारीचा वेग कमी करून तिचा जोर वाढविणे हे या यंत्रणेचे काम, आणि म्हणून तिला गती-घट यंत्रणा असे म्हणता येईल. सायकलीच्या दुकानात मिळणारे सुटे भाग आणि एखाद्या लेथवाल्याची मदत यांच्या आधारे ती घरच्या घरी तयार करता येते. मात्र तिच्यामागील तत्त्व आधी नीट समजून घ्यावे लागते.

वेग आणि जोर यांचा व्यवहार

चरख्याचे मोठे चाक हाताने एकदा फिरविले की दोरीने जोडलेली चाती कितीतरी वेळा फिरते. तेथे हाताचा जोर खर्ची घालून वेग मिळविलेला असतो. गती-घट यंत्रणा म्हणजे एका अर्थी उलटा चालविलेला चरखा होय. येथे चातीच्या जागी मोटार असते आणि मोठ्या चाकाच्या जागी सायकलीचे चाक. लहान चक्र पुष्कळ वेळा फिरते, मोठे चक्र थोडे फिरते. परंतु जेवढ्या पटीने फेरे कमी होतात तेवढ्याच पटीने फिरविण्याचा जोर वाढतो. या फिरविणाऱ्या जोराला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात.

या व्यवहारात शक्ती कोठूनही जादा येत नाही, हे विसरता कामा नये. शक्ती म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार. एक वाढला की दुसरा घटलाच पाहिजे. शिवाय प्रत्येक टप्प्यावर घर्षण आपली थोडी दस्तुरी कापून घेते. २५० वॅटच्या वरील मोटारीचा टॉर्क अवघा ०.८८ न्यूटन-मीटर असतो. तो सरळ चाकाला दिला तर चाकाच्या कडेशी पाव किलो वजनाएवढाच रेटा मिळेल. पण फेरे पंधरा पटींनी कमी केले आणि घर्षणापोटी दहा टक्के सोडून दिले, तर हाच रेटा सुमारे साडेतीन किलोचा होतो. स्वारासह १०० किलो वजनाची सायकल सपाट रस्त्यावर ताशी २४ किलोमीटर वेगाने नेण्यास, वारा पडलेला असताना, अडीच ते तीन किलोचा रेटा लागतो. म्हणजे पाव किलोने जे साधत नव्हते ते त्याच मोटारीने, तेवढ्याच विजेवर साधते.

विजेच्या बाजूनेही याचा विचार करावयास हवा. या जातीच्या मोटारीचा टॉर्क तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो. तिच्या वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर जोर दुप्पट होतो, पण उष्णता चौपट होते. फिरती मोटार बॅटरीच्या विरुद्ध दिशेने स्वतःच विद्युत् दाब निर्माण करीत असते व त्यामुळे प्रवाहाला आळा बसतो. अडून राहिलेल्या मोटारीत हा विरोधी दाब नसतो. मग बॅटरीतून लोटणाऱ्या साऱ्या विजेची उष्णता होते. म्हणून मोटारीला तिच्या स्वाभाविक वेगाजवळ फिरू देणे हाच तिला जपण्याचा मार्ग आहे, आणि तो गती-घट यंत्रणेमुळे मोकळा होतो.

इतिहासातील एक उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ऑग्डन बोल्टन, ज्युनिअर, यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्यांनी मोटार मागच्या चाकाच्या हबमध्येच बसविली होती आणि मध्ये एकही दंतचक्र ठेवले नव्हते. मोटार चाकाच्याच मंद वेगाने फिरावयाची असल्यामुळे जोर केवळ प्रवाहातून मिळवावा लागत होता. १० व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेण्याची तरतूद त्या रचनेत होती. हबमध्ये बसणाऱ्या आजच्या काही मोटारीही दंतचक्रांवाचून चालतात. पण त्यासाठी त्यांचा व्यास मोठा ठेवावा लागतो, चुंबके अनेक लागतात आणि वजनही वाढते. लहान, वेगवान व स्वस्त मोटारीकडून काम घ्यावयाचे तर वेग कमी करण्यास पर्याय नाही.

दातांचा हिशेब

यंत्रणेचा आराखडा शेवटापासून आरंभाकडे, म्हणजे रस्त्यापासून मोटारीकडे, आखत जाणे सोयीचे असते. प्रथम वेग ठरवावा. ताशी २४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ४०० मीटर. २.२ मीटर परिघाच्या चाकाने त्यासाठी मिनिटाला सुमारे १८० फेरे घेतले पाहिजेत. मोटारीचे फेरे २,७००. तेव्हा वेगाचे गुणोत्तर २,७०० भागिले १८०, म्हणजे १५ येते.

हे गुणोत्तर एकाच टप्प्यात का साधू नये, असा प्रश्न येथे उद्भवेल. मोटारीवरील दंतचक्राला ११ दाते ठेवले तर चाकावरील दंतचक्राला १६५ दाते हवेत. सायकलीच्या साखळीच्या दोन सांध्यांमधील अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. या साखळीसाठी १६५ दात्यांचे चक्र केले तर त्याचा व्यास ६६७ मिलिमीटर होईल. म्हणजे ते चाकाच्या रिमपेक्षाही मोठे होईल. लहान चक्राचे दाते आणखी कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. साखळी दंतचक्रावर गोलाकार बसत नाही, ती बहुकोनी बसते. त्यामुळे दाते जितके कमी तितकी तिची चाल हिसक्यांची होते. १७ दात्यांच्या चक्रावर साखळीच्या वेगातील हा चढउतार दोन टक्क्यांहून कमी असतो. ११ दात्यांवर तो चार टक्के आणि ९ दात्यांवर सहा टक्के होतो. मिनिटाला २,७०० फेरे फिरणाऱ्या चक्रावर हे हिसके आवाजाच्या व झिजेच्या रूपाने तत्काळ प्रकट होतात.

म्हणून हे काम दोन टप्प्यांत वाटून देणे इष्ट. मोटार आणि चाक यांच्या मध्ये एक स्वतंत्र शाफ्ट बसवावयाचा. मोटारीवरील ११ दात्यांचे चक्र पाव इंची साखळीने या मधल्या शाफ्टवरील ५५ दात्यांचे चक्र फिरविते. येथे वेग पाचपटीने कमी होऊन ५४० फेऱ्यांवर येतो. त्याच शाफ्टवरील १६ दात्यांचे चक्र सायकलीच्या नेहमीच्या साखळीने मागच्या चाकावरील ४८ दात्यांचे चक्र फिरविते. येथे वेग आणखी तीनपट कमी होतो. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा. ५५ दात्यांच्या चक्राचा व्यास सुमारे १११ मिलिमीटर आणि ४८ दात्यांच्या चक्राचा सुमारे १९४ मिलिमीटर भरतो. दोन्ही चक्रे सायकलीच्या सांगाड्यात सामावतात.

एखाद-दुसऱ्या दात्याने काय बिघडणार, असा विचार करणेही योग्य नाही. १६ ऐवजी १८ दात्यांचे चक्र घेतले तर पूर्ण भारावरील वेग ताशी सुमारे २६.७ किलोमीटरवर जातो आणि चढावरील जोर नवव्या हिश्शाने घटतो. भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार वाहनाच्या व्याख्येतून सुटण्यासाठी जी बंधने आहेत, त्यांत २५० वॅट शक्ती व ताशी २५ किलोमीटर वेग या दोन मर्यादा प्रमुख आहेत. त्या ओलांडल्या की सायकल ही कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही. तेव्हा रस्त्यावर नेण्यापूर्वी मंजुरीविषयीच्या व इतर अटी पाहून घेणे आणि वेग व प्रवाह नियंत्रकाच्या साह्याने मर्यादेत ठेवणे आवश्यक आहे.

पट्टा, दंतचक्रे की साखळी?

वेग कमी करण्याची साधने मुख्यतः तीन. व्ही आकाराचा पट्टा शांत चालतो, पण लहान पुलीवर त्याची पकड थोड्याच भागावर बसते आणि पावसात तो घसरतो. एकमेकांत अडकणारी दंतचक्रे आटोपशीर असतात. तथापि त्यांच्या दोन शाफ्टांतील अंतर मिलिमीटरच्या अल्पशा अंशापर्यंत अचूक लागते आणि त्यांना तेलाची बंद पेटी हवी असते. घरगुती कामात एवढी अचूकता साधणे कठीण. साखळी ही या बाबतीत उदार आहे. अंतर थोडे कमी-जास्त झाले तरी ती ताणून किंवा कड्या कमी करून जुळविता येते. तिचा आग्रह एकाच गोष्टीचा असतो : दोन्ही दंतचक्रे एकाच पातळीत आणि दोन्ही शाफ्ट समांतर असले पाहिजेत.

दोन टप्प्यांवर दोन वेगवेगळ्या साखळ्या का, याचेही कारण हिशेबातच आहे. पहिल्या टप्प्यावर साखळी वेगाने धावते, पण तिच्यावरील ताण पूर्ण भारावर अवघा आठ किलोच्या आसपास असतो. दुसऱ्या टप्प्यावर वेग कमी होतो आणि ताण तेरा-चौदा किलोंवर जातो. सायकल जागेवरून हलताना तो याच्या कितीतरी पट होऊ शकतो. म्हणून पहिली साखळी हलकी व बारीक, तर दुसरी दणकट असावी लागते.

यंत्रणेची उभारणी

मोटार आणि मधला शाफ्ट हे दोन्ही एकाच जाड पोलादी पट्टीवर बसवावेत. पाच मिलिमीटर जाडीची पट्टी या कामास पुरते. मोटार एकीकडे व शाफ्ट दुसरीकडे, सांगाड्याच्या वेगवेगळ्या नळ्यांवर बसविला, तर खड्ड्यात चाक आदळताच दोन्हींमधील अंतर बदलते आणि साखळी उतरते. ही पट्टी सायकलीच्या डाव्या बाजूस, सीटखालील उभी नळी व मागील चिमट्याची खालची नळी यांच्या कोपऱ्यात यू आकाराच्या क्लॅम्पांनी आवळावी व मध्ये रबराची पट्टी घालावी. सायकलीच्या नळ्या पातळ असतात; त्यांना भोके पाडणे किंवा वेल्डिंगने तापविणे म्हणजे सांगाडा कमकुवत करणे होय. पॅडलचा दांडा आणि स्वाराची टाच यांना पुरेशी मोकळीक राहते की नाही, हे पट्टी कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करून पाहावे.

मधला शाफ्ट १५ मिलिमीटर व्यासाचा घ्यावा. त्यासाठी ६२०२ क्रमांकाची दोन बॉल बेअरिंगे योग्य ठरतात. त्यांचे आतील भोक १५ व बाहेरील व्यास ३५ मिलिमीटर असतो. बेअरिंगांच्या बैठका लेथवर एकाच पकडीत कातून घेतल्या तर दोन्हींचे मध्य एका रेषेत येतात. दोन बेअरिंगांमध्ये जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवावे. दुसऱ्या साखळीची ओढ अधिक असल्यामुळे तिचे दंतचक्र बेअरिंगच्या शक्य तितके निकट असावे. ५५ दात्यांचे चक्र शाफ्टवर नुसत्या आवळस्क्रूच्या भरवशावर ठेवू नये. पाच मिलिमीटर चौरसाची चावी खाचेत बसवून ते पक्के करावे.

मोटार पट्टीवर लांबट भोकांतून बोल्टांनी बसवावी, म्हणजे ती सरकवून पहिल्या साखळीचा ताण जुळविता येतो. दुसऱ्या साखळीच्या खालच्या, सैल बाजूवर ताण देणारे छोटे चाक बसवावे. वरची बाजू ओढीची असल्यामुळे तेथे ते बसविता येत नाही. साखळी मध्यभागी बोटाने दाबली असता सुमारे एक सेंटिमीटर हलावी. तिला तारेसारखे ताणले तर बेअरिंगे विनाकारण झिजतात.

दंतचक्रे एका पातळीत आहेत की नाहीत हे पाहण्यास एक सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा पुरतो. तो दोन्ही चक्रांच्या कडांना सारखा टेकला पाहिजे. नंतर दोन शाफ्टांमधील अंतर दोन्ही टोकांशी मोजावे. ते समान हवे. या जुळणीस दिलेला तासभर पुढे अनेक साखळ्या वाचवितो. चूक राहिली तर ती लपत नाही : साखळीच्या आतील पट्ट्या एकाच बाजूस चकाकू लागतात आणि दाते एका अंगाने झिजतात.

फ्रीव्हीलचे कोडे

या यंत्रणेतील सर्वांत फसवा प्रश्न फ्रीव्हीलचा आहे. मोटार बंद असताना पॅडल मारणाऱ्या स्वाराला मोटारही ओढावी लागू नये, यासाठी कोठेतरी फ्रीव्हील हवेच. पुष्कळदा नेहमीचे फ्रीव्हील मागच्या चाकाच्या डाव्या बाजूस बसविले जाते आणि मग मोटार फिरते पण चाक फिरत नाही. कारण उघड आहे. नेहमीचे फ्रीव्हील उजव्या बाजूसाठी केलेले असते. त्याच्या दात्यांकडून पाहिले तर बाहेरील कडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना आतील भागाला धरून नेते. डाव्या बाजूने पाहताना मात्र पुढे जाणारे चाक काट्यांच्या उलट दिशेने फिरते, आणि त्या दिशेला फ्रीव्हील मोकळे असते. शिवाय तेथे त्याचे आटेही उलगडू पाहतात.

तेच फ्रीव्हील मधल्या शाफ्टच्या डाव्या टोकावर, दाते बाहेर करून बसविले की हे कोडे सुटते. येथे जोर बाहेरून आत जात नाही. तो आतून, म्हणजे शाफ्टकडून, बाहेरील दात्यांकडे जातो. आतील भाग काट्यांच्या उलट दिशेने फिरला की तो बाहेरील कड्याला धरून नेतो. आणि डाव्या बाजूला नेमके हेच हवे असते. आटेही या दिशेत आपोआप घट्ट होत जातात. फ्रीव्हीलसाठी लागणाऱ्या आट्यांची बैठक मात्र लेथवर कातून शाफ्टवर पक्की करून घ्यावी लागते. चाकावरील ४८ दात्यांचे चक्र मग हबशी कायमचे जखडता येते. हबला डिस्क ब्रेकसाठी सहा भोकांची बैठक असल्यास तिचा आधार घ्यावा. नसल्यास आऱ्यांच्या दोन्ही बाजूंस रबर व धातूच्या चकत्या ठेवून, त्यांच्यामध्ये आरे पकडून ते आवळावे. दंतचक्राचा मध्य चाकाच्या मध्याशी जुळला पाहिजे, नाहीतर साखळी प्रत्येक फेऱ्यात सैल व घट्ट होत राहते.

परीक्षा हातानेच करावी. शाफ्ट पुढच्या दिशेने फिरविला की फ्रीव्हीलचे दाते त्याच्याबरोबर फिरले पाहिजेत; शाफ्ट धरून दाते पुढे फिरविले की ते टक्‌टक् आवाज करीत मोकळे फिरले पाहिजेत.

चाचणी आणि निगा

पहिली चाचणी चाक जमिनीपासून उचलून, कमी वेगाने घ्यावी. बोटे, धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा ओढणी यांपैकी काहीही साखळीजवळ जाणार नाही असे पत्र्याचे आवरण त्यापूर्वीच बसलेले असावे. ब्रेक दाबताच मोटारीचा प्रवाह तोडणारी कळ आणि बॅटरीलगत फ्यूज या दोन गोष्टींवाचून सायकल रस्त्यावर नेऊ नये.

त्यानंतर प्रवाहमापक जोडून सपाट रस्त्यावर सायकल चालवावी. अशा मोटारीच्या पाटीवर पूर्ण भाराचा प्रवाह साधारणतः १३ ते १४ अँपिअर दिलेला असतो. तो आकडा म्हणजे मोटारीची सहनशक्ती. पाच टक्क्यांच्या चढावर १०० किलोच्या सायकलीला सुमारे सहा किलोचा रेटा लागतो. मोटारीपाशी साडेतीन किलो आहेत. उरलेले अडीच स्वाराच्या पायांनी द्यावयाचे असतात. ज्याला रोज अशाच चढावरून ओझे न्यावयाचे आहे, त्याने १५ ऐवजी १८ किंवा २० गुणोत्तर घ्यावे आणि वेगावर पाणी सोडावे. ताशी १८ किलोमीटर वेगाने वर्षानुवर्षे चालणारी सायकल ही ताशी २५ किलोमीटर वेगाने पहिल्याच उन्हाळ्यात जळणाऱ्या सायकलीपेक्षा केव्हाही बरी.

साखळी वेळोवेळी पुसून तिला तेल द्यावे. तिच्या २४ सांध्यांची लांबी नवेपणी ३०४.८ मिलिमीटर असते. ती ३०७ च्या पुढे गेली की साखळी बदलावी, कारण वाढलेली साखळी दंतचक्रांचे दातेही खाते.

कारखान्यात तयार झालेल्या, आत दंतचक्रे असलेल्या हब-मोटारी आज सहज मिळतात आणि त्या घरगुती यंत्रणेपेक्षा अधिक शांत व आटोपशीर असतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांच्या पोटातील दाते झिजले तर गावातील दुकानदार बहुधा हात वर करतो. येथे वर्णिलेल्या यंत्रणेतील बहुतेक भाग सायकलीच्या किंवा बेअरिंगच्या दुकानात मिळतात, उरलेले लेथवर होतात, आणि बिघाड कोठे आहे हे डोळ्यांना दिसते. ज्याचे पोट सायकलीच्या फेऱ्यांवर चालते त्याच्या दृष्टीने दुरुस्ती आपल्या हाती असणे हे वेगाहून मोलाचे आहे.